बरं झालेल्यांचं दार

दादाने गाडीच्या डिकीत पुठ्ठ्याची रिकामी खोकी आणली होती आणि ती कुणाला दिसू नयेत म्हणून वरून चादर टाकली होती. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची ही जुनीच खोड. तो डिकीतून पिशवी काढत होता तेवढ्यात आईला चादरीखालचे कोपरे दिसले. ती "आलात? हातपाय धुवा," एवढंच म्हणाली आणि आत जाऊन बटाटे सोलायला बसली. सालं मात्र आज नेहमीपेक्षा जाड निघत होती.

आजचा रविवार निकालाचा होता. छोटी म्हणजे घरातलं शेंडेफळ. चौतिशीला आली तरी घराला ती छोटीच. पेशाने डॉक्टर. अप्पांना न्यूमोनिया झाला तेव्हा त्यांना बघायला आणि त्यांचा दवाखाना सांभाळायला ती पंधरा दिवसांसाठी म्हणून आली, आणि पंधरा दिवसांचं वर्ष झालं. आता रजा संपली होती. शहरातल्या हॉस्पिटलात तिच्यासाठी विभागप्रमुखाची खुर्ची धरून ठेवली होती आणि आज संध्याकाळपर्यंत तिचा फोन गेला नाही तर त्या खुर्चीत दुसरं कुणी बसणार होतं. छोटी गेली की दवाखाना बंद. दवाखाना बंद झाला की अप्पा आणि आई दादाकडे शहरात. दादाने त्यांच्यासाठी खोली बांधूनही ठेवली होती. पाय घसरू नये म्हणून न्हाणीघरात खरबरीत फरशी, उठताना धरायला भिंतीत दांडा. दादाचा धंदा घरं बांधायचा. त्याला माया करायची झाली तरी तो ती सिमेंट कालवूनच करतो.

आईला जायचं नव्हतं. पण हे बोलायचं कुणापाशी? ती 'नको' म्हणाली असती तर पोरगी आईसाठी म्हणून थांबली असती, आणि मग ती रिकामी खुर्ची जन्मभर आईलाच बोचली असती. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं असं तिने ठरवलं होतं. आईचं गप्प बसणं म्हणजे भांडी जरा जोरात ठेवणं.

वरच्या गॅलरीतून अप्पांचा खोकला ऐकू आला. छोटी घरात असली की हा खोकला येतो आणि ती बाहेर पडली की जातो, हे आईने केव्हाच ताडलं होतं. त्यावरही ती गप्पच होती.

एका गोष्टीची मात्र तिला या स्वयंपाकघरात फार चुटपुट लागायची. पूर्वी इथे बसलं की दिवसातून एकदा तरी मागच्या दारावर थाप पडायची. ही रीत अप्पांनीच घातलेली. तरुणपणी एका तापाच्या साथीत बरी झालेली माणसं कौतुकाने सांगायला यायची, खोकणाऱ्यांच्या रांगेत तासभर बसायची आणि पुन्हा आजारी पडायची. अप्पा वैतागले. "बरे झालात ना? मग पुढच्या दाराने पाय ठेवायचा नाही. मागून या, सांगा आणि सुटा." साथ गेली, रीत राहिली. आजारी माणूस पुढून, बरं झालेलं मागून. लोक थाप मारायचे आणि उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणायचे, "डॉक्टर, बरं वाटतंय." अप्पा गळ्यात नळी अडकवून आतून यायचे, वरपासून खालपर्यंत बघायचे आणि म्हणायचे, "मग उभे का? कामाला लागा." झालं. हे एक वाक्य ऐकायला माणसं लांबून चालत यायची. अप्पांची पाठ फिरली की आई त्यांना चहा द्यायची.

वर्षभरात एकही थाप नाही. छोटीनेच सांगितलं असेल, अप्पांना आराम हवा म्हणून, असं आईने मनाशी धरलं होतं. पोरीने चांगल्यासाठी केलं, तर विचारायचं कशाला?

*

दादा स्वयंपाकघरात आला तो थेट कपाटाकडे. भिंतभर कपाट, मध्ये ओटा, वर पांढऱ्या फरश्या. अप्पांच्या आजारपणात आईला मागच्या दाराने गार वारा लागतो हे पाहून त्याने आठवड्याभरात हे सगळं उभं केलं होतं. त्याने कपाटाचं एक दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"कुरकुरत नाही ना?"

"नाही रे."

"वारा?"

"वारा कुठून येणार? तू जागा ठेवलीयेस का त्याला?"

दादाने ही स्तुती म्हणून घेतली. मग तो खुर्ची ओढून बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आई, छोटी काय म्हणतेय?"

"तिलाच विचार."

"अप्पा?"

"त्यांना विचार."

"आणि तू?"

"मी भाजी फोडणीला टाकतेय," आई म्हणाली.

दादा माडीवर गेला. अप्पा कुंड्यांना पाणी घालत होते. हातात झारी स्थिर, पाठ ताठ. दादा दिसताच त्यांनी झारी खाली ठेवली आणि छातीवर हात नेला.

"अप्पा, आज ठरवू या. तुमचं काय मत?"

"माझं मत आहे की आधी जेवू."

"तसं नाही. छोटीने जावं की राहावं?"

अप्पांनी एका कुंडीतलं पिवळं पान खुडलं. "डॉक्टरने कुठे काम करावं हे पेशंटने सांगायचं नसतं. आणि मी तिचा पेशंट आहे. दवाखान्यात बसायचं नाही, जिने फार चढायचे नाहीत, असं तिनेच लिहून दिलंय." असं म्हणून ते एकदा खोकले.

दादाला वाटलं, अप्पा खरंच थकले. खोकी आणली ते बरंच केलं. त्याला त्या खोक्यांचा थोडा अपराध वाटत होता तो अशा रीतीने मिटला.

*

छोटीला जेवायला बोलवायचं काम दादाबरोबर आलेल्या वहिनीकडे आलं. रविवारी दवाखाना बंद असतो, तरी छोटी आत होतीच. तपासायच्या टेबलावरची चादर बदलून झाली होती, खिडकीच्या काचा पुसून झाल्या होत्या, आणि आता ती कापसाच्या डब्याचं झाकण पुसत होती. वहिनीने ओळखलं. माहेराहून सासरी निघताना मुली अशीच घरं आवरतात.

वहिनी गाडीत बसली तेव्हा शंभर टक्के नवऱ्याच्या बाजूची होती. सासूबाई जवळ आल्या तर तिला हव्याच होत्या. पण ते झाकण पुसणं पाहून ती दाराशीच थांबली.

"छोटी, खरं सांगशील? तुला इथे आवडतं की नाही?"

"आवडतं गं."

"किती?"

छोटी झाकण हातात घेऊन स्टुलावर बसली. "तिकडे माझ्याकडे माणसाचा तुकडा यायचा. एक गुडघा, एक यकृत. दार लोटून माणूस यायच्या आधी त्याचे फोटो यायचे. इथे अख्खं माणूस येतं, आणि मागून त्याची सासू येते. परवा मिस्त्रीची बायको डोकेदुखी घेऊन आली. मी नुसतं विचारलं, घरी कोण कोण असतं? तर ती बोलत सुटली आणि बोलून झाल्यावर म्हणाली, थांबलं बघा दुखायचं. गोळी माझ्या हातातच राहिली. जुळी बाळं जन्मली त्या दिवशी मी होते, आता ती रांगतात ते बघते. हे तिकडे कुठे बघायला मिळणार?"

"मग अडलंय कुठे?"

छोटीने झाकण पुन्हा पुसलं. "येताना सगळे येतात, वहिनी. बरं झाल्यावर कुणी येत नाही. तुला आठवतं ना, अप्पांकडे कसे यायचे? मला वर्षभरात एकानेही म्हटलं नाही, डॉक्टर, बरं वाटतंय. बाजारात भेटतात, मान हलवतात, पुढे जातात."

"अगं, पण ते दार आता..."

"दार नसेल, तोंड तर आहे ना? रस्त्यात सांगता येतं, इथे येऊन सांगता येतं. सांगायचं असेल तर माणूस खिडकीतून सांगेल. त्यांच्या लेखी मी बदलीची आहे. मोठे डॉक्टर बरे होईपर्यंतची सोय." तिने झाकण डब्यावर दाबून बसवलं. "आवडतं म्हणून मी राहीन गं. पण नुसतं मला आवडून कसं चालेल? त्यांनाही मी हवी असायला नको का?"

वहिनीने नुसतं "जेवायला चल" म्हटलं. पण दवाखान्यातून स्वयंपाकघरापर्यंत येता येता तिने बाजू बदलली होती.

*

जेवणाच्या टेबलावर दादाने पहिला घास संपायचीही वाट पाहिली नाही. "हं, तर छोटी, फोन कधी करतेस?"

"जेवून."

"हो म्हणणार ना?"

"तिला जेवू दे की," वहिनी म्हणाली.

दादाने चमकून बायकोकडे पाहिलं. गाडीत ठरलं होतं की हा प्रश्न तो विचारेल आणि ती खोलीचं वर्णन करेल. "तू खोलीचं सांगणार होतीस."

"खोली छान आहे," वहिनी म्हणाली. "भाजी वाढू?"

"आई, तू तरी बोल."

आईने पाण्याचा तांब्या जोरात ठेवला. अप्पा खोकले. छोटीने लगेच त्यांच्या पाठीवर हात ठेवला, श्वास मोजल्यासारखं केलं आणि तिच्या कपाळावर आठी पडली, कारण श्वास अगदी छान होता. अप्पा घाईने पाणी प्यायले.

"मी हो म्हणणार आहे," छोटी म्हणाली.

जिंकल्यावर माणसाला बरं वाटायला हवं. दादाला वाटलं नाही. आई उठून उगाच भाजी बघायला गेली. भाजी टेबलावरच होती.

तेवढ्यात पुढची घंटा वाजली, आणि वाजतच राहिली.

दारात बेकरीवाल्याची आई उभी होती. पीठ लागलेल्या हातांनी तिने चार वर्षांच्या नातीला काखोटीला मारलं होतं. नातीला सगळे भिंगरी म्हणायचे आणि ते का म्हणायचे हे तिच्या दोन्ही गुडघ्यांवर लिहिलेलं होतं.

"वाटाणा," आजी धापा टाकत म्हणाली. "नाकात. मी सोलत होते, हिने घातला. आता आत आत चाललाय."

"मी पेरलाय," भिंगरी अभिमानाने म्हणाली.

छोटीने तिला टेबलावर बसवून नाकात उजेड टाकला. वाटाणा दिसत होता, हिरवा, ऐटीत बसलेला. तिने चिमटा काढला नाही. चिमट्याने तो आणखी मागे गेला असता आणि पोर टेबलावर राहिली नसती. दरवाजात दादा, वहिनी आणि आई खरकट्या हातांनी उभे होते. त्यांच्या मागून अप्पा डोकावत होते. ते खोकायचं विसरले होते.

"आजी, हिला एक मोठी पापी द्यायची आहे," छोटी म्हणाली. "तोंडावर तोंड घट्ट ठेवायचं. मी ही रिकामी नाकपुडी दाबते. मी 'आता' म्हटलं की एकदाच जोरात फुंकर. मेणबत्ती विझवल्यासारखी."

"पापीने निघतो?"

"निघतो. मात्र घरी करून बघायचं नाही, पुन्हा झालं तर इथेच आणायचं. भिंगरी, आजी तुझ्या तोंडात वारा सोडणार आहे. तू फुगा हो."

फुगा व्हायला भिंगरी एका पायावर तयार होती. आजीने पदराने तोंड पुसलं, नातीचा चेहरा पिठाच्या हातांत धरला. "आता," छोटी म्हणाली. फुस्स असा आवाज झाला, वाटाणा सुटला आणि दरवाजात उभ्या असलेल्या दादाच्या इस्त्रीच्या शर्टवर जाऊन चिकटला.

आधी भिंगरी हसली. मग आजी मटकन स्टुलावर बसून हसली. मग वहिनीला हसू आवरेना, कारण दादा वाटाणा काढायला हात लावत नव्हता. अप्पा सगळ्यात जोरात हसले, पोट धरून, आणि एकदाही ठसका लागला नाही. छोटीने ते पाहिलं. पण तेव्हा ती स्वतःच इतकी खूश होती की पुढचा विचार तिने केला नाही. दुसरी नाकपुडी तिने तपासली, दोन्ही कानही तपासले, न जाणो तिथेही शेती असेल.

"झालं. जा घरी. वाटाणे उंचावर ठेवा."

"जाते," आजी म्हणाली, आणि नातीला घेऊन पुढच्या दाराने बाहेर पडली.

*

सगळे पुन्हा ताटांवर बसले. भाजी गार झाली होती. दादाच्या शर्टवर हिरवा डाग होता आणि विषय पुन्हा काढायचा धीर त्याला होत नव्हता.

तेव्हा कपाटातून आवाज आला. ठक. ठक ठक.

"उंदीर," वहिनी म्हणाली.

"माझ्या कपाटात?" दादाला ते लागलं. "नळाचा दाब असेल."

ठक ठक ठक. आता कपाटातल्या बश्याही किणकिणल्या. आई उठून उभी राहिली होती. तिचा एक हात नकळत चहाच्या भांड्याकडे गेला होता.

छोटी उठली, पुढच्या दाराने बाहेर पडून घराला वळसा घालून मागे गेली. तिच्यामागे सगळे. मागच्या अंगणात कपडे वाळत होते. जिथे पूर्वी दार होतं तिथे आता रंगवलेली कोरी भिंत होती, आणि त्या भिंतीवर बेकरीवाल्याची आई मुठीने थापा मारत होती. शेजारी भिंगरीही मारत होती.

"आजी, काय करताय?"

"सांगायला आलेय ना. पोर बरी झाली."

"अहो, मघाशी माझ्यासमोरच तर झाली."

"म्हणून काय झालं? सांगायला नको?" आजीने भिंतीकडे बोट दाखवलं. "पण सांगू कुणाला? हिला? वर्ष झालं, सगळे येतात, ही भिंत बघतात आणि परत जातात."

छोटीचा आवाज एकदम बारीक झाला. "कोण सगळे?"

"सगळे म्हणजे सगळे. सुतार आला, त्याची साखर उतरली तेव्हा. आमची सून आली. शाळेतल्या बाई दोनदा आल्या. आम्ही म्हटलं, नव्या डॉक्टरबाईंना हे आवडत नसेल. शिकलेल्या आहेत, त्यांना कामं आहेत. दारच बुजवलं म्हणजे आम्ही समजायचं ते समजलो."

"मग पुढून यायचं. रस्त्यात सांगायचं."

आजीने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनेच नाकात वाटाणा घातलाय. "बरं झालेलं माणूस पुढच्या दाराने येतं का? पुन्हा आजारी पडायला? आणि असं रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर सांगतात होय? तू डॉक्टर आहेस, तुला एवढं माहीत नाही?"

अप्पा वळून वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघू लागले. पुढून यायचं नाही हा त्यांचाच हुकूम होता आणि तो मागे घ्यायचं ते साफ विसरले होते.

एवढी साधी गोष्ट पाच शहाण्या माणसांच्या ध्यानात वर्षभर का आली नाही? कारण प्रत्येकजण दुसऱ्याला जपण्यात गुंतला होता. दादाने आईला वारा लागू नये म्हणून दार बुजवलं. आईला वाटलं, छोटी अप्पांना जपतेय. अप्पांना वाटलं, आता पोरीचं राज्य, आपण विचारू नये. छोटीला वाटलं, आपण नको आहोत. आणि गावाला वाटलं, आपण नको आहोत. एकमेकांवर इतकं प्रेम असलेल्या घरात अशा चुका होतात; भांडणाऱ्या घरात त्या पहिल्याच दिवशी निघाल्या असत्या.

दादा भिंतीजवळ गेला. हाताने ती चाचपली, वर पाहिलं, खाली पाहिलं. मग गाडीकडे गेला. त्याने डिकीतली चादर ओढली, सगळ्यांच्या देखत खोकी बाहेर काढली आणि त्यांच्याखालून घण काढला. घरं बांधणाऱ्याच्या गाडीत घण असतोच.

"अरे, भिंत पडेल," आई म्हणाली.

"नाही पडणार. वरची तुळई जुनीच आहे. मध्ये नुसत्या विटा भरल्यात, मीच भरल्यात." त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या. "तुम्ही आतून कपाट रिकामं करा. मी सांगेपर्यंत कुणी जवळ यायचं नाही."

वहिनीने आणि आईने कपाटातल्या बश्या, वाट्या, डबे सगळं टेबलावर, खुर्च्यांवर, खाली मांडलं. दोघींनी मिळून ते कपाट भिंतीपासून ओढलं. अप्पा मदतीला आले आणि कपाटाला असा खांदा लावला की ते सरसर सरकलं. आईने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी छताकडे पाहिलं.

दादा घण घेऊन आत आला आणि पहिल्या घावाला फरश्या गेल्या. त्या वहिनीने निवडल्या होत्या. तिला एकाही फरशीचं वाईट वाटलं नाही. मग विटा. प्रत्येक घावागणिक धूळ आणि बाहेरून भिंगरीचा "आणखी!" वीट निघाली की दादा ती खोक्यात टाकायचा, खोकं भरलं की दुसरं ओढायचा. आईबापांचं घर भरून न्यायला आणलेली खोकी राडारोड्याने भरत चालली. त्यातलं एक भरून झाल्यावर दादा कमरेवर हात ठेवून आईला म्हणाला, "तुला यायचंच नव्हतं ना?"

"नव्हतं," आई म्हणाली. वर्षात पहिल्यांदा ती हे बोलली होती आणि तिला फार हलकं वाटलं. "पण खोली मोडू नकोस. आम्ही राहायला येऊ. पाहुण्यासारखं."

*

बेकरीवाल्याच्या आईच्या पोटात वाटाणासुद्धा राहिला नसता, तिथे बातमी कुठली राहणार? बेकरीवर रविवारची गर्दी असतेच. भिंतीला माणूस जाईल एवढी वाट झाली तेव्हा मागच्या अंगणात वाळत्या कपड्यांमधून रांग लागली होती.

पहिला मान आजीचा. तिने नातीला पुढे ढकललं. विटांच्या ढिगापलीकडे उभं राहून भिंगरी ओरडली, "डॉक्टर, बरं वाटतंय!" आणि लाजून आजीच्या मागे लपली.

छोटी आत उभी होती, केसांत धूळ, हातात रिकामी बशी. काय बोलायचं ते तिला माहीत होतं. पण ते वाक्य अप्पांचं होतं. ते तिच्या तोंडातून बाहेर पडेना. "छान," ती म्हणाली. "शाब्बास."

मग सुतार. "डॉक्टरबाई, बरं वाटतंय. पावसाळ्यापासून."

"गोळ्या चालू आहेत ना? जेवणाआधी घेता?"

"ते पुढच्या दाराने विचारा," सुतार म्हणाला, आणि रांग हसली.

शाळेतल्या बाई आल्या. दिवसभर झोप येते म्हणून ज्यांना त्यांच्या घरी आळशी म्हणत आणि ज्यांच्या गळ्यातल्या ग्रंथीचा दोष छोटीने हुडकून काढला, त्या. त्यांना "बरं वाटतंय" एवढंही पुरं बोलता आलं नाही. त्यांनी विटांवरून हात पुढे करून छोटीचा हात धरला. बेकरीवाल्याची बायको जुळ्यांना दोन्ही कडांवर घेऊन आली आणि म्हणाली, "तिघांनाही." आखडलेला खांदा सुटलेला शिंपी आला आणि बोलायच्या आधी त्याने हात डोक्यावरून गोल फिरवून दाखवला. त्याच्या मागे मिस्त्रीची बायको. तिच्या मागे सासू. काहींना कशाने बरं वाटलं होतं ते छोटीलाही आठवेना, पण त्यांना तिचा शब्द न् शब्द पाठ होता. आई चहा गाळत होती, आता चोरून नाही. वहिनी कप पुरवत होती आणि कप संपले तेव्हा वाट्यांतून देत होती.

छोटी रडत होती का, असं वहिनीने नंतर दादाला विचारलं. दादा म्हणाला, धूळ फार होती.

रांग ओसरली. ऊन कपड्यांवरून उतरलं. दादाने खिशातून टेप काढून भगदाड मापलं आणि बहिणीकडे वळला. "आता मला सांग. इथे चौकट बसवू की विटा भरू? तसं उद्या माणसाला बोलवायला हवं."

छोटीचा फोन टेबलावर डब्यांच्या मध्ये पडला होता. तिने तो उचलला, हातात धरला. आईने चहाचं भांडं अगदी हळू, आवाज न करता खाली ठेवलं.

तेवढ्यात लक्षात आलं की अप्पा खोलीत नाहीत.

ते बाहेरून आले. पुढच्या दाराने निघून, घराला पुरा वळसा घालून, वाळत्या चादरीखालून वाकून ते विटांच्या ढिगापाशी उभे राहिले. त्यांनी केस विंचरले होते. उंबरा नव्हता, तरी जिथे उंबरा होता तिथेच, त्याच्या बाहेर, ते थांबले. आयुष्यभर ते या दाराच्या आतल्या बाजूला उभे राहिले होते.

"डॉक्टर," अप्पा म्हणाले, "बरं वाटतंय."

छोटीच्या हातातला फोन खाली आला.

"कधीपासून?" छोटीने विचारलं.

"बरेच दिवस झाले."

"आणि खोकला?"

"तो तुझ्यापुरता होता," अप्पा म्हणाले. "मी बरा झालो म्हटलं असतं तर तुला इथे राहायला कारण उरलं नसतं. म्हणून आलो नाही सांगायला. भिंतीचं निमित्त झालं." त्यांनी विटेवरची धूळ बोटाने पुसली. "आज सगळे आले, तर मीच मागे राहणं बरं नाही. पेशंट बरा आहे, छोटी. डॉक्टरला जायचं असेल तर डॉक्टर मोकळी आहे."

छोटीने वडिलांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. पाठ ताठ, श्वास छान, डोळे भरलेले. तिने फोन डब्यांमध्ये परत ठेवला.

"मग उभे का?" ती म्हणाली. "कामाला लागा. सकाळचा दवाखाना तुमचा, संध्याकाळचा माझा."

अप्पा विटा ओलांडून आत आले. आईने त्यांच्या हातात चहा दिला, आणि बरं झालेल्यांचा तो चहा घ्यायची ही त्यांची पहिलीच वेळ.

"चौकट," दादा टेप गुंडाळत म्हणाला. "लोखंडी करू की लाकडी?"

"लाकडी कर, दादा," छोटी म्हणाली. "थाप पडली की दवाखान्यात मला ऐकू यायला हवी."